मूठ मिटायला किती वेळ?

वादाला तोंड फुटलं ते लोणच्याच्या बरणीवरून. मुलुंड पूर्वेला मामाच्या घरी रविवारची सकाळ. मामीनं बरणी माझ्यापुढे केली, "उघड गं जरा." मी ती उघडली नाही. हात न लावता मनगटानंच मामाकडे सरकवली. त्यानं एका हिसक्यात झाकण फिरवलं, बरणी टेबलावर ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "अजून दुखतंय?"

"अजून म्हणजे काय मामा? ते जातं कुठे?"

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं महापालिकेच्या दवाखान्यांत काढली. त्यातली बरीचशी घाटकोपर पश्चिमेला, जिथे डोंगरावरच्या वस्त्या खाली उतरून औषधाला येतात तिथे. मी घाटकोपरलाच राहते, मेट्रोनं रोज अंधेरीला बँकेत जाते. वय बावन्न. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमवात म्हणा, संधिवात म्हणा, बोलताना लोक दोन्ही म्हणतात. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि आधी बोटं, मनगटं, पावलं धरते. हे मला आहे, एवढं कळायलाच दोन वर्षं चार महिने लागले. आमचं भांडण आहे ते या दोन वर्षं चार महिन्यांवरून. मामा म्हणतो, उशीर झाला, वाईट झालं, पण त्यात कुणाची लबाडी नाही. लबाडी मीही म्हणत नाही. पण हा उशीर आपोआप झालेला नाही, तो कुठून कुठून जमत गेला ते दाखवता येतं, असं माझं म्हणणं आहे.

पहिल्या डॉक्टरनं कॅल्शियम दिलं. दुसऱ्यानं एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. तिसरा म्हणाला, "मॅडम, वय," आणि पाळी जाण्याच्या काळात असं व्हायचंच, हेही ऐकवलं. एका मोठ्या रुग्णालयात आरए फॅक्टरची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. "काही नाही तुम्हाला. ताण घेऊ नका." नवऱ्यानं ते ऐकलं आणि त्याला हायसं वाटलं. त्याला दोष देत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नॉर्मल, असं आपण सगळेच धरून चालतो.

"ती तपासणी शंभरातल्या वीस-पंचवीस जणांत निगेटिव्हच येते," मामा म्हणाला. "हे पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे, मामा. मला सांगितलं कुणी नाही."

मग एका सरकारी ओपीडीत एक शिकाऊ डॉक्टर भेटली. माझ्या मुलीच्या वयाची, डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं. तिनं फाइल उघडलीच नाही. एवढंच विचारलं, "सकाळी उठल्यावर मूठ मिटायला किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "दीड तास. दोघांचे डबे होईपर्यंत नीट मिटत नाही."

तिनं पेन खाली ठेवलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. झिजलेला सांधा सकाळी दहा-पंधरा मिनिटं कुरकुरतो आणि सुटतो. आतून सुजलेला सांधा तास-तास सुटत नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही, एक प्रश्न लागतो.

"हा प्रश्न तू किती जणींना विचारलास, मामा? तुझ्या सगळ्या नोकरीत?"

मामा खोटं बोलत नाही, हा त्याचा गुण. लोणच्याची फोड बशीत ढकलत म्हणाला, "नाही विचारला. ऐक पण. नऊला दार उघडायचं. एक वाजेपर्यंत दीडशे केस पेपर. दीडशेत खोकणारे वीस. त्या विसांतल्या कुणाची थुंकी तपासायला पाठवायची, हे मला दोन मिनिटांत ठरवायचं. तो एक हातातून निसटला, तर दहा बाय दहाच्या खोलीतल्या आणखी पाच जणांना तो देणार. तेवढ्यात एक बाई येते, सांधे दुखतात म्हणते. मी गोळी लिहितो, पुढचा म्हणतो. याला तू उपेक्षा म्हण. मी हिशोब म्हणतो."

"हिशोब मांडला कुणी पण?"

"रोगानं. जो मारतो तो आधी."

"तसं नाही मामा. २०१० साली केंद्र सरकारनं दीर्घ आजारांचा कार्यक्रम काढला, त्याच्या नावात चारच होते. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात. २०२३ ला नाव बदललं, यादी वाढली, दमा आणि मूत्रपिंडं आली. हल्लीच्या 'आपला दवाखाना'त जा, बीपी आणि साखर बघतात. बघावीच. पण ज्याला पट्टी बांधून आकडा काढता येतो तो आजार, आणि जो विचारावा लागतो तो बाईचा स्वभाव, असं झालंय."

"बीपीनं माणूस मरतो."

"आणि सांध्यानं मरत नाही, म्हणून?"

"म्हणून नंतर," मामा म्हणाला.

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "रोज मरे त्याला कोण रडे!" मामी अशा वेळी हटकून माझ्या बाजूची असते. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

मामानं मग नेहमीचा पवित्रा घेतला. "आकडे दाखव. सरकार आकड्यांवर चालतं. सांधेदुखीचे आकडे कुणाकडे होते?"

आकडे होते. आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका योजनेत तिथे घरोघर जाऊन विचारलं, "दुखतं का? कुठे? किती दिवस?" चार हजारांवर प्रौढ माणसं. त्यांतल्या सुमारे १८ टक्क्यांना हाडं-स्नायू-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. माझा रोग अर्धा टक्का. भिगवण म्हटलं की आपल्याला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी आठवतात. भारतातल्या सांधेदुखीचं मोजमाप करणाऱ्यांना हे गाव आठवतं.

"अर्धा टक्का," मामा म्हणाला. "बघ, किती कमी."

"कर मग गुणाकार. उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सांग."

अशी आव्हानं त्याला आवडतात. जुन्या डायरीचं कोरं पान काढलं. "२०११ च्या जनगणनेत साडेत्र्याण्णव लाख. मुलं वजा कर. प्रौढ साठ लाखांच्या वरच धरायचे. पण बाई, गावचा आकडा शहराला असा लावत नाहीत."

"माहीत आहे. लाव तरी."

त्यानं लावला. तीस हजार. पेन्सिल आकड्याखाली दोनदा फिरली. "वानखेडे जवळजवळ भरेल," तो स्वतःशीच म्हणाला. मामाला मोठी संख्या कळते ती स्टेडियमच्या मापानं. "आणि यात तिप्पट बायका," मी म्हटलं. हा रोग पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक होतो.

"मग त्या बायका आल्या का नाहीत माझ्याकडे? आल्या त्या 'अंग दुखतं' म्हणत आल्या. न सांगता डॉक्टरला काय स्वप्न पडणार?"

इथे तो चुकतो. त्याच्या बाजूनं बोलणारे सगळेच इथे चुकतात. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी-उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आजार वेगळा, गाव वेगळं, पण गोष्ट तीच. या बायका मुक्या नव्हत्या. त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात जाऊन कुणी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. तोवर "सांगून काय होणार" हेच उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"आणि सांगण्याची किंमत असते, मामा. लग्नाच्या मुलीला फिट येते, कोड आहे, सांधे सुजतात, हे कुठलं घर मोकळेपणानं सांगतं? औषधाची पुडी दुसऱ्या वॉर्डातल्या केमिस्टकडून आणतात. लग्न झालेलीचं तर वेगळंच. २०१९ च्या सरकारी पाहणीत बायका घरकामात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. पाच तास काम, पगार नाही. बँकेत मी आले नाही तर काउंटर बंद पडतो, म्हणून रजा मांडावी लागते, म्हणून आजाराची नोंद होते. घरात काम बंदच पडत नाही. पोळ्या झाल्या म्हणजे हात बरा आहे, असं सगळे समजतात."

"तू जेवायला बसलीस का भांडायला?" मामी पोळी वाढत म्हणाली. मऊ, पापुद्रे सुटलेली पोळी. लाटणं धरताना तिचे हात दुखतात का, हे मी इतक्या वर्षांत तिला विचारलेलं नाही.

"तुझा खरा राग," मामा म्हणाला, "आजार दिसत नाही यावर आहे."

आहे. मेट्रोत माझी बोटं वरच्या कडीभोवती मिटत नाहीत, म्हणून मी खांबाला कोपराचा आकडा घालून उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं, बाई आरामात टेकल्यात. लोकलमध्ये चौथी सीट मागायचीसुद्धा लाज वाटते. लेडीज डब्यात सगळ्याच दमलेल्या असतात. काठी नाही, प्लास्टर नाही, पांढरी पट्टी नाही, मग मी कशाच्या बळावर मागणार? चांगली साडी नेसून लिपस्टिक लावलेल्या बाईचं दुखणं कुणी खरं धरत नाही. थेरं म्हणतात. आमच्या शाखेतल्या एकीनं म्हटलंच होतं, मी जवळ आहे हे न बघता.

"ठीक आहे," मामा पुढे सरसावला. जणू याचीच वाट बघत होता. "मग कुष्ठरोग घे. तो तर चेहऱ्यावर दिसतो. त्याची का आबाळ झाली? वर्सोव्याला, तुझ्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाच्या पलीकडे, विमला केंद्र आहे. ते ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलं. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा कायदा पुसला गेला २०१६ साली. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठ झालं म्हणून घटस्फोट मागता येत होता, ते कलम गेलं २०१९ ला. म्हणजे दिसणं-न दिसणं हा मुद्दाच नाही. दिसलं की हाकलतात, नाही दिसलं की नाकारतात."

हे वाक्य त्याचं. मी फक्त टिपून ठेवलं.

पण त्याच्या या उदाहरणातच मला हवं ते सापडलं. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० चं. सुरुवातीला त्याचं नावच बेघर कुष्ठरोग्यांचा आश्रम असं होतं. हॅरी ॲक्वर्थ तेव्हा पालिका आयुक्त. हाच तो ॲक्वर्थ, ज्यानं शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर आपले ऐतिहासिक पोवाडे गोळा केले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आणि मुंबईच्या आरोग्याच्या इतिहासात एकच साहेब दोनदा भेटतो. शहराच्या रस्त्यांवर भीक मागत फिरणारे कुष्ठरोगी लोकांना नकोसे झाले होते, त्यांच्यासाठी जागा निघाली. १८९६ ला प्लेग आला, आणि १८९८ ला शहर सुधारणा ट्रस्ट निघाला, रुंद रस्ते झाले, वस्त्या पाडल्या. २०१२ च्या जानेवारीत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कळवलेल्या, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची बातमी जगभर गेली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं.

"बघ मामा. दुसऱ्याला भीती वाटली की इस्पितळ निघतं. तुझ्या खोकणाऱ्याला तू आधी घेतलंस, कारण तो इतरांना देणार होता. माझी मूठ मिटत नाही याची भीती कुणाला आहे? माझ्या शेजारी बसून कुणाची बोटं सुजत नाहीत."

मामा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मुलांचं काय मग? बोरिवलीला महापालिकेनं थॅलेसेमियाच्या मुलांसाठी केंद्र काढलंय, अस्थिमज्जा प्रत्यारोपण होतं तिथे. थॅलेसेमियानं शेजाऱ्याला काय होतं?"

"शेजाऱ्याला काही होत नाही. पण मुलाच्या मागे आई उभी असते. महिन्याला रक्त चढवायला घेऊन येते, रांगेत भांडते, दहा दारं ठोठावते. मुलाच्या वतीनं बोलणारं कुणीतरी असतं. त्या आईचीच मनगटं सुजली तर तिच्या वतीनं कोण बोलतं?"

पण मामा हरणारा नाही, आणि त्याच्याकडचा सगळ्यात वजनदार मुद्दा त्यानं शेवटी राखून ठेवला होता. तो इथे पूर्ण मांडते, कारण मला तो अजूनही पुरता खोडता आलेला नाही.

"समजा, तुझं ऐकलं," तो म्हणाला. "जगानं ऐकलंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, १ जानेवारी २०२२ पासून, तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला स्वतःचा क्रमांक मिळालाय. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियालाही घर मिळालं. छान. पण नाव मिळालं की गोळी येते. गोळी आली की बॅग घेऊन औषध कंपनीचा एमआर येतो. माझ्या दवाखान्यात असल्फ्याच्या डोंगरावरून एक बाई यायची. गुडघे दुखायचे. दिवसाला आठ हंडे, शंभरावर पायऱ्या. तिला मी काय लिहायचं? तिच्या गुडघ्यावरचं औषध म्हणजे नळ. तो माझ्या फडताळात नव्हता. तिला रोगाचं नाव चिकटवलं असतं, तर नळाचा प्रश्न पालिकेकडून उचलून तिच्याच गुडघ्यात ठेवल्यासारखं झालं असतं. तुम्ही शिकलेल्या बायका म्हणता, आमच्या दमण्याला आजार म्हणा. मी म्हणतो, दमवतं कोण ते आधी बघा."

यातलं बहुतेक मला मान्य आहे. नळ हवाच. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेआठला उभं राहून पाहिलं तर निम्म्या पाठदुखीचं कारण दिसतं, आणि त्याला एमआरआय लागत नाही. पण मामा सगळ्या दुखण्यांची एकच मोट बांधतो. त्या बाईच्या गुडघ्याला नळ पुरला असता, माझ्या बोटांना पुरला नसता. कितीही विश्रांती घेतली असती तरी सांधा आतून कुरतडला जातच होता. त्याला मेथोट्रेक्सेट लागतं, आठवड्यातून एकदा. जुनं, स्वस्त, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं. पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं तर सांधा वाचतो. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची ती वेळ निघून गेली होती.

"आठवड्यातून एकदा," मामानं बोट उचललं. "तीच गोळी चुकून रोज घेतली तर माणूस दगावतो. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं, यकृत बघायचं. वस्तीत हे कोण बघणार?"

"क्षयाच्या गोळ्या तुम्ही माणसाला समोर बसवून खायला घातल्यात ना? सहा-सहा महिने? मग?"

मामा हसला. "तिथे भीती होती," तो म्हणाला. माझाच मुद्दा त्यानं मला परत दिला होता.

मग कागदांचं निघालं. कागदांवर मी एकटी तासभर बोलू शकते, पण आवरतं घेते. साध्या आरोग्य विम्याला तुम्ही चोवीस तास खाटेवर लागता. महात्मा फुले जनआरोग्य योजना हजारोंना तारते, पण ती भरती झालेल्याला, ठरलेल्या पॅकेजमध्ये. ओपीडीतली दरमहाची गोळी आणि रक्त तपासणी घरच्या पर्समधून. कामगार विमा योजनेत दीर्घ आजाराच्या रजेत ८० टक्के पगार मिळण्यासाठी ३४ आजारांची यादी आहे, आणि पगार महिना २१ हजारांच्या वर गेला की योजनेचं दारच बंद. घरकाम करणारी बाई तर त्या दारापर्यंत पोचतच नाही. आणि २०१६ चा दिव्यांग कायदा. त्यात २१ प्रकार आले, ही मोठीच गोष्ट. पण हातापायांच्या बाबतीत मोजतात ते कायमचं नुकसान, आणि बहुतेक सवलतींना ते किमान ४० टक्के भरावं लागतं.

"म्हणजे कसं बघ," मी मामाला म्हटलं. "माझी सगळी औषधं हात वाकडा होऊ नये म्हणून. आणि कागद मिळणार तो हात वाकडा झाल्यावर. औषध लागू पडलं तर मी कुठल्याच यादीत नाही."

"सुखी आहेस मग," मामा म्हणाला आणि लगेच, "तसं नव्हतं म्हणायचं मला," असंही.

तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. मिठागर रोडला राहतात, वय पंचेचाळिशीच्या आसपास, मामीकडे सहा वर्षं आहेत. आम्ही पाय वर घेतले, त्या लादी पुसायला बसल्या. आमचं भांडण चालूच होतं, पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. फडकं त्या पिळत नव्हत्या. बादलीच्या काठावर टाकून तळहाताच्या टाचेनं दाबत होत्या, पाणी ओघळेपर्यंत. एकदा, दोनदा, दर वेळी तसंच. मी माझा टॉवेल बेसिनच्या काठावर असाच दाबते.

मी मामाला खुणावलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. वाद घालणारा मामा आणि डॉक्टर मामा ही दोन वेगळी माणसं आहेत. दुसरा उठला.

"मावशी, जरा इकडे या. हात पुसा. बघू."

त्यांना वाटलं काही सांडलं. मामानं त्यांचा उजवा हात घेतला, चार बोटांच्या मुळांवरून आपली पकड आडवी धरली आणि हलकेच दाबली. मावशींनी हात झटकन मागे ओढला. डाव्या हाताचंही तेच.

"सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागतो?" मामानं विचारलं.

"मूठ?" त्या हसल्या. "पाणी साडेचारला येतं, डॉक्टर. मिटो न मिटो, हंडा उचलायचा."

"कधीपासून आहे?"

"धाकटी दहावीला होती तेव्हापासून."

"आता कितवीला?"

"बारावी झाली."

"औषध?"

"मेडिकलवाला गोळी देतो. दोन घरं झाली की एक."

"इतके दिवस मला सांगायचं नाही का?"

मावशींच्या आवाजात तक्रार नव्हती. "सांगितलं होतं की. तुम्ही मलम दिलं होतं."

पंखा फिरत होता. मामानं डायरीचं तेच पान उलटं केलं, जिथे तीस हजार लिहिले होते त्याच्या मागे, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर. थोडं थांबून खाली अँटी-सीसीपी. अक्षर अजून दवाखान्यातलंच, फक्त हळू. मग माझी डॉक्टर बसते त्या ओपीडीचं नाव माझ्याकडून विचारून घेतलं.

"सकाळी आठच्या आत केस पेपर काढायचा," मी मावशींना समजावलं. "नंबर यायला बारा वाजतात. मंगळवारी जा. पहिल्या वेळी मी येते बरोबर, रजा टाकते."

मावशींनी बोटांवर घरं मोजली. सकाळची चार. "चौघींना सांगायला लागेल," त्या म्हणाल्या आणि मामीकडे बघितलं, कारण पहिलं घर मामीचं.

मामी हातातलं ताट तसंच धरून उभी होती. "या मंगळवारी नको हं," ती म्हणाली. "या मंगळवारी आपल्याकडे दहा माणसं जेवायला आहेत. गुरुवारी जा की, गुरुवारी खुशाल जा."

"गुरुवारी चालेल," मावशी म्हणाल्या आणि चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवून बादलीकडे वळल्या.

सांध्यांची ओपीडी त्या रुग्णालयात फक्त मंगळवारी असते.